नाखवा सरांच्या लग्नाचा दगड

शिरवण्याच्या दगडखाणींकडे जाणाऱ्या रस्त्याला सितारामची पत्र्याची शेड होती. बहात्तरच्या दुष्काळात बायको गोजराला घेऊन तो परभणीकडून इकडे आला. आधी खाणीत दगड फोडले, मग हात बसला तसा पाटे-वरवंटे घडवू लागला. पुढे वाशी-नेरुळला इमारती उठल्या आणि लोकांना दारावर नावाच्या पाट्या हव्या झाल्या. सितारामचं अक्षर असं, की त्यानं दगडावर नाही, लोण्यावर छिन्नी चालवली असावी. शिवाय त्याच्याकडे एक जास्तीची विद्या होती. लहानपणी निजामाच्या राजवटीत तो उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकला होता, त्यामुळे उजवीकडून डावीकडे कोरायचीही त्याची तयारी असे. मात्र इतक्या वर्षांत तसं काम एकही आलं नव्हतं.

आलं ते चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात. इस्त्रीचा पांढरा झब्बा, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री असे एक म्हातारे गृहस्थ शेडमध्ये शिरले आणि सरळ पाट्याच्या दगडावरच बसले. उस्मान नाखवा त्यांचं नाव. पनवेलकडचे कोकणी मुसलमान, मुंबईच्या कॉलेजात तीस वर्षं फारसी शिकवून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगी कुवेतला, आणि हे वाशीच्या फ्लॅटमध्ये एकटेच.

"काळा दगड हवा. उभा, चार फुटी," ते म्हणाले. "लग्नाचा आहे."

"कुनाचं लगीन, सर?"

"माझं."

सितारामनं एकदा त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक म्हणून मान डोलावली. "तारीख काय टाकू?"

"तेवढी जागा मोकळी सोडा. तिकडून अजून कळवलेलं नाही."

मुलीकडच्यांचं ठरत नसेल, असं सितारामला वाटलं. आत चहा गाळणाऱ्या गोजरानं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी नळावर ही बातमी फुटली आणि दोन दिवसांत अख्ख्या शिरवण्यात झाली. कुणी म्हणालं, नवरी हैदराबादची. कुणी म्हणालं, पन्नाशीची आहे पण दिसायला बरी आहे. पुढच्या गुरुवारी सर आले तेव्हा गोजरानं चहाबरोबर त्यांच्यापुढे चार पेढे ठेवले आणि पदर सावरत विचारलं, "नवरीबाई कवा येनार, सर?"

सर आधी गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते इतके हसले, की त्यांना ठसकाच लागला.

"ताई, तो माझ्या कबरीचा दगड आहे."

गोजरानं पेढ्यांची बशी उचलली आणि ती आत निघून गेली. जित्या माणसाच्या कबरीचं काम घरात नको, असं तिनं आतूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

सितारामचेही हात थांबले होते. "सर, लगीन काहून म्हनालात मग?"

"तुमच्या गावाकडे दर्ग्याचा उरूस भरतो?"

"भरतो की. कुस्त्या, पाळणे, रेवड्या. लहानपनी एकबी चुकवला नाई."

"उरूस शब्दाचा मूळ अर्थच लग्न. पीर ज्या दिवशी गेला, त्या दिवशी तुम्ही रेवड्या खात होतात. कारण त्या दिवशी तो नवरदेव झाला, असं मानतात. फारसीतल्या सूफी कवींनी हेच हजार तऱ्हांनी सांगितलं. इथे आपण सासुरवाशिणीसारखे दिवस काढतो, आठवण घरची येत राहते. मरण म्हणजे बोलावणं आलं. मग त्यात रडायचं काय?"

सितारामला हे पटलं की नाही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पण रेवड्यांचा मुद्दा त्याला खोडता येईना. त्यानं दगड घेतला.

मजकूर सरांनी स्वतःच रचला होता, फारसीत. सितारामला अक्षरं वाचता येत, अर्थ लागत नसे, आणि अर्थ कळल्याशिवाय त्याची छिन्नी नीट चालत नसे. म्हणून दर गुरुवारी सर येत आणि एकेक शब्द उलगडून सांगत. ओळीचा अर्थ असा होता: रडत आला असाल तर बाहेर जरा थांबा, आत पंगत बसली आहे. तिसऱ्या गुरुवारी गोजराच दाराशी येऊन ऐकत उभी राहिली. चौथ्या गुरुवारी पेढे परत आले.

"आमी बौद्ध, सर," सिताराम एकदा म्हणाला. "आमच्यात सगळं अनित्य हाये म्हंतात. लगीन-बिगीन काई नाई."

"ते कवीसुद्धा म्हणतात, की मरायला पाहिजे तो आतला 'मी'. तो जिवंतपणी मेला, की दुसऱ्या मरणात भिण्यासारखं काही उरत नाही. शरीर गेलं काय, राहिलं काय."

ओळ पुरी झाली. आता खाली नाव कोरायचं होतं. सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: प्रोफेसर उस्मान इब्राहिम नाखवा, एम.ए., सुवर्णपदक, माजी विभागप्रमुख. सितारामनं वाचलं. मग डोकं खाजवत, खरंच न समजून त्यानं विचारलं, "सर, आतला 'मी' जर आधीच मेला, तर हे सगळं कुनाचं?"

सरांनी कागद परत घेतला, त्याची पुन्हा घडी घातली आणि छत्री उचलून ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गोजरा रोज म्हणायची, "कशाला बोललास? चार अक्षरं जास्ती कोरली असती तर हात झिजले असते का?" शेवटी सितारामनं पाव किलो पेढे घेतले आणि बसनं वाशी गाठली.

दार उघडायलाच सरांना पाच मिनिटं लागली. ताप होता, दाढी वाढली होती, खोलीत औषधांचा वास. सितारामनं काही न विचारता स्टोव्ह पेटवला आणि पेज टाकली.

"माझं चुकलं, सर. आडाणी मानूस."

"चुकलं नाही, म्हणून तर राग आला." सर उशीला टेकून बसले. "तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं. आणि मला सुवर्णपदक सोडवत नव्हतं. गेल्या आठवड्यात ताप चढला तेव्हा एकटा पडलो होतो. खरं सांगू? लग्नबिग्न काही आठवलं नाही. घाम फुटला. वाटलं, उद्या आपलं नावसुद्धा कुणी घेणार नाही."

"मला खानीत सुरुंग उडताना हरदिवशी वाटायचं तसं," सिताराम म्हणाला. "सुरुंग उडाला की मंग भूक लागायची."

सर सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "पेज आणा." दोन वाट्या पेज संपवल्यावर त्यांनी उशीखालून तो कागद काढला, फाडला आणि म्हणाले, "नुसती ओळ राहू दे."

त्यानंतर सर दोन वर्षं जगले. दगड शेडमध्ये भिंतीला टेकून उभा असे. त्याच्या शेजारी बसून ते गोजराला आपलं नाव लिहायला शिकवत, आणि ती त्यांना मुगाच्या वड्या खाऊ घाले. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, दुपारचं जेवून पडले असताना, ते झोपेतच गेले.

मुलगी कुवेतहून आली. बापाच्या डायरीत सितारामचा पत्ता होता, म्हणून ती दगड बघायला शेडमध्ये आली. फारसी तिला येत नव्हती. सितारामनं ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला. ती थोडी हसली, मग एकदम रडू लागली.

"पण यावर अब्बांचं नाव कुठे आहे? मी पुन्हा येईन तेव्हा ओळखू कशी?"

सितारामनं सगळी हकिगत सांगितली. तिनं ऐकून घेतली, पण तिचा जीव मानेना. बापाला नाव नको होतं आणि लेकीला हवं होतं. सितारामला दोघांचंही खरं वाटलं. त्यानं दगडाचा खालचा, जमिनीत पुरला जाणारा फूटभर भाग तिला दाखवला.

"इथं कोरतो, बाई. वळखायला वरची ओळ हायेच, तशी दुसऱ्या दगडावर नसनार. नाव वरून नाई दिसनार. पन आसंल."

तिनं डोळे पुसून होकार दिला. सितारामनं दुपारभर बसून एम.ए. नाही, पदक नाही, फक्त 'उस्मान' एवढं कोरलं. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या कबरस्तानात दगड उभा केला, खाली माती ठोकून दाबली. मुलीनं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. गोजरानं दोनदा बिर्याणी वाढून घेतली आणि परतीच्या बसमध्ये सितारामच्या खांद्यावर डोकं टेकून शिरवणे येईपर्यंत झोपून राहिली.