सगुणाकाकीच्या बोटावरचं गाव

सगुणाकाकीच्या हाताला चव आहे, हे हातखंब्याजवळच्या त्या वाडीत कुणाला सांगावं लागत नसे. लग्न असो की पूजा, शिरवाळ्यांसोबतचा, तांदळाच्या त्या शेवयांसोबतचा, नारळाचा गोड रस तीच काढायची. खवलेला नारळ मुठीत पिळायचा, गूळ हाताने कुस्करायचा, आणि रस चुलीवर मुळीच चढवायचा नाही. चढवला की फाटतो. चाळीस वर्षांत कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

यंदा वैशाखातल्या पूजेला मात्र जेवण झाल्यावर तीन तासांत साठ माणसं ओकून ओकून आडवी झाली. जीव कुणाचा गेला नाही, पण खापर फुटलं रावजीच्या डोक्यावर. गूळ त्याच्या दुकानातला ना! मेल्याने भेसळ केली म्हणून लोकांनी त्याच्याकडे जाणंच सोडलं. बोलणाऱ्यांत काकी सगळ्यांच्या पुढे होती.

तिची पुतणी राजश्री रत्नागिरीत प्रयोगशाळेत काम करते. ती उरलेला रस आणि गूळ तपासायला न्यायला आली, तेव्हा तिला काकीचं पूजेआधीच विळीवर कापलेलं बोट दिसलं. पू धरलेला, वर चिंधी. ती काकीलाही सोबत घेऊन गेली आणि बशीतल्या खरवसासारख्या एका वडीवर तिची पाची बोटं टेकवून घेतली.

दोन दिवसांनी तिने तशाच तीन बशा मांडल्या. गुळाची कोरी. रसाच्या बशीत सोनेरी ठिपके. आणि तिसरीत त्याच सोनेरी ठिपक्यांनी उमटलेली काकीची पाच बोटं, कापलेलं बोट तर गच्च भरलेलं. एकेका ठिपक्यात दोन दिवसांत वाढलेले लाखो जिवाणू, राजश्री सांगत होती. रसात ऊब आणि चार तास मिळाले की ते विष सोडतात, आणि ते विष उकळूनही जात नाही.

काकी थक्क झाली. आपल्या बोटावर एवढं मोठं गाव नांदतंय, आपण ते पिळता पिळता घरोघर वाटलं, आणि आपल्याला पत्ताच नाही! देवापुढे जोडतात तसे हात जोडायला गेली नि मध्येच थांबून तळवे निरखत राहिली. मग रावजी आठवला. राजश्री म्हणाली, तपासणीच्या कागदावर तुझं नाव येणार नाही. पण गूळ चोख निघाल्याचा कागद वाडीत वाचतो कोण? गप्प बसावं तर रावजीचं दुकान बुडणार, बोलावं तर आपल्या हाताचं नाव.

संध्याकाळच्या एसटीला थांबा भरलेला असतो, नेमकी तेव्हाच ती थांब्याजवळच्या त्याच्या दुकानात गेली.

"गूळ तुजा चोख व्हता, रावजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लोकांची पोटं माज्या हातानं बिघडली. मी तुला नाय नाय ते बोलले."

रावजीने गुळाचा खडा फोडला आणि तिच्यापुढे धरला. सगळा थांबा बघत होता.

काकीने हात मागे घेतला.

"आधी साबणाची वडी दे," ती म्हणाली.

दुकानापुढच्या पिंपाशी तिने कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा घासली, आणि मग बरा हात पुढे केला.