नमुन्यावरचा हात

ऑफिसात तिला सगळे कलमबाई म्हणत आणि तिला ते मनातून आवडायचं. इमारतीची चित्रं काढणारे दुसरे. भिंतीवर काय लागेल, किती थरांत लागेल, मधे कितपत वाळू द्यायचं, हे शब्दांत बांधायचं काम तिचं. विटांची भिंत, तिच्यावर सिमेंटचा गिलावा, तो पुरता वाळला की प्रायमर आणि सगळ्यात वर कृत्रिम स्टको, म्हणजे शोभेचा दाणेदार लेप, असं एकेक कलम लिहीत ती शेवटी आपल्या लाडक्या वाक्याशी यायची: 'पूर्ण झालेले काम मंजूर नमुन्याशी सर्व बाबतींत जुळले पाहिजे.' रंगात आणि पोतात जुळावं, एवढं लिहूनही भागतं. पण मागे एका ठेकेदाराने रंग हुबेहूब जुळवला आणि कडा मात्र बोकडाने खाल्ल्यासारख्या सोडल्या. तेव्हापासून बाई 'सर्व बाबतींत'वर अडून बसल्या होत्या.

तिचा थोरला भाऊ स्टकोचाच कारागीर होता. "सर्व बाबतींत म्हणे! अगं, भिंत आहे ती, जुळी बहीण नाही," असं तो दर कामाला चिडवायचा.

वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम ठेकेदाराने त्यालाच दिलं. रिवाजाप्रमाणे फाटकाशेजारी विटांची कमरेइतकी छोटी भिंत उभारून दादाने तिच्यावर नमुना केला. वाळूच्या रंगाचा, बारीक दाण्याचा, बघत राहावा असा. हा नमुना मंजूर झाला की काम संपेपर्यंत तसाच ठेवायचा आणि मोठी भिंत त्याच्याशी ताडून बघायची. दादाला एक खोड होती. नमुना ओला असताना खालच्या कोपऱ्यात तो आपला पंजा दाबायचा. एरवी ती त्याला दटावून तो पुसायला लावायची आणि मगच सही करायची. या खेपेला त्याचं हसणं बघून तिला वाटलं, असू दे. तिने सही केली.

त्याच आठवड्यात दादा जेवता जेवता पानावर कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ती कामावर परतली तेव्हा दादाच्या माणसांनी मोठ्या भिंतीला हात घातला होता. मुकादम तिला परांचीपाशी घेऊन गेला.

"ताई, आम्ही नाही केलं. आईशप्पथ."

लेप पट्ट्यापट्ट्यांनी चढत होता आणि भिंतीच्या प्रत्येक पट्ट्यात, खालच्या कोपऱ्यात, एक पंजा उमटला होता. करंगळी बाहेर वळलेली. लहानपणी दारात चेमटल्यापासून दादाची करंगळी तशीच होती.

"ओला असताना पुसतो. थापीने घोटून सपाट करतो," मुकादम म्हणाला. "सकाळी बघावं तर आहेच. पोरं घाबरलीत ताई. दोघं तर आलीच नाहीत."

भीती तिलाही वाटायला हवी होती. पण तिला रडू फुटलं, आणि रडताना बरं वाटलं. तिने आपला तळवा त्या पंजात ठेवला. सावलीतली भिंत, तरी पंजा कोमट होता. शाळेच्या फाटकाशी दादा तिला सोडायला यायचा ते तिला आठवलं. ती त्याचा हात सोडायची नाही. मग तो तिच्या तळव्याला तळवा लावून हलकेच ढकलायचा आणि म्हणायचा, "पळ आता."

तिने मुकादमाला सांगितलं, पुसू नका, मी बघते. खरं तर बघायचं काय होतं? ती रोज जायची, फाटकाशी थांबून नमुन्यावरच्या पंजात हात ठेवायची आणि मग कामाला लागायची. स्टको केव्हाच वाळून टणक झाला होता, तरी हात सुटायला वेळ लागायचा. जत्रेत मूल आईचं बोट धरून ठेवतं तसं काहीतरी धरून ठेवायचं. तिने स्वतःची समजूत घातली की उन्हाने लेप मऊ पडत असेल. वास्तविक आभाळ भरलेलं होतं.

एके दिवशी मुकादम तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, आता दोन हात आहेत."

दादाच्या पंजाशेजारी प्रत्येक पट्ट्यात एक लहान पंजा होता. ती धावत फाटकाशी आली. नमुन्यावरही तोच होता. तिने आपला हात ठेवून बघायची गरज नव्हती, तरी ठेवला. अंगठीच्या खुणेसकट जुळला. नमुन्यावर जे येईल ते भिंतीवर येणार होतं. तसं तिनेच लिहिलं होतं.

तेव्हाच तिने हात आखडता घ्यायला हवा होता. पण दादाच्या शेजारी आपण आहोत या विचाराने तिला उलट हायसं वाटलं. दुःखात माणूस असा वेडा होतो. तिने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त तिची भूक गेली आणि जिना चढताना धाप लागू लागली.

शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून ती लेकीला साइटवर घेऊन आली. मुकादमाशी चार शब्द बोलेपर्यंत पोरगी फाटकाकडे पळाली.

"आई, मामाचा हात!"

"लावू नकोस!" ती ओरडली, पण उशीर झाला होता. लेकीचा तळवा नमुन्यावर टेकला होता.

"आई, सुटत नाहीये." पोरीने आधी हसून सांगितलं. मग ती हसेनाशी झाली. "आई, तो ओढतोय."

तिने लेकीला कमरेला धरून मागे खेचलं. हात सुटला तेव्हा तळव्याची कातडी सोलवटून लालभडक झाली होती. नमुन्यावर दोन पंजांच्या मधे तिसरा, इवलासा पंजा उमटला होता. परांचीवरून कोणीतरी किंचाळलं. मोठ्या भिंतीवर काय दिसलं असेल ते बघायला ती वळलीसुद्धा नाही.

तिने मुकादमाच्या टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच दुरुस्ती लिहिली: 'सर्व बाबतींत' हे शब्द वगळावेत, काम नमुन्याशी केवळ रंगात आणि पोतात जुळावे, नमुना आजच तोडून हलवावा. खाली सही केली.

"छिन्नी द्या," ती म्हणाली.

"आम्ही फोडतो ना ताई."

"नाही. मीच."

आधी तिने लेकीचा पंजा फोडला, मग स्वतःचा. दादाच्या पंजापाशी हातोडी थबकली. जगात त्याच्या हाताची एवढीच खूण उरली होती. कपडे वहिनीने वाटून टाकले होते आणि फोटोत त्याचे हात नेहमी खिशात असायचे. मागे लेक हुंदके देत होती, सोललेल्या तळव्यावर फुंकर घालत होती.

"दादा, ही माझी आहे रे," ती म्हणाली, आणि तिने घाव घातला.

सोमवारी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होती. वाळूचा रंग, बारीक दाणा, कुठे ओरखडा नाही. काम बघायला आलेले साहेब खूश झाले. पोरं पुन्हा परांचीवर चढून गप्पा मारू लागली. पहिल्या पट्ट्याच्या कोपऱ्यापाशी ती ओणवी झाली आणि पंजा असायचा तिथे तिने हात ठेवला. भिंत गार होती. आपणच त्याला पुसला, आता उगाच कशाला चाचपायचं, असं म्हणून ती हात काढणार, तोच तळव्याखाली काहीतरी भरून आलं. गार स्टकोच्या आतून एक रुंद, कोमट तळवा तिच्या तळव्याला लागला. करंगळी बाहेर वळलेली होती.

या वेळी त्याने धरून ठेवलं नाही. त्याने तिला हलकेच मागे ढकललं.