बाईंची टकटक

पेनाचं टोपण... निळं, चावून चावून टोकाशी पांढरं पडलेलं – ते पेटीच्या लाकडी कडेवर वाजत होतं आणि वाजवणारा हात आपलाच आहे हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. टक टक... टक. डोक्यात उद्याचा, साप सोडण्याचा दिवस होता : पेट्या गाडीत चढवायच्या, गाडी हळू चालवायला सांगायची, पाणथळीच्या पलीकडच्या काठाला सावली शोधायची, मग केंद्रप्रमुख बाईंचं भाषण, फोटो, आणि भाषण संपेपर्यंत सापांना ऊन लागणार नाही ना याची काळजी अर्थात आपणच करायची. पेटीवरचं काळं कापड एका बाजूनं सरकलं होतं. ते नीट करायला ती वाकली, तर काचेआडच्या खापरीखालून साप बाहेर येत होता. बिचकून नाही, अंदाज घेत नाही. जेवायला हाक मारल्यावर घरातलं माणूस येतं तसा, सरळ, झडपेखालच्या त्या जागेकडे जिथं उंदीर पडतो.

आज खाण्याचा दिवस नव्हता.

तिनं कापड ओढलं. भूक लागली असेल. हीटर वाढला असेल... असेल काहीतरी. मग पुढच्या पेटीशी जाऊन कापडाचा कोपरा उचलला आणि टोपण वाजवलं – नुसतं, सारख्या ठेक्यात, टक टक टक. काही नाही. खापरीखाली साप ढिम्म. ती थांबली. मनात काय आलंय हे कळत असूनही कळून घ्यायचं नव्हतं. दोनदा. थांबून एकदा. डोकं बाहेर आलं. तिसऱ्या पेटीतही आलं. त्याच्या पलीकडची मादी तर काचेला नाक लावून वर बघत राहिली, आणि मग तिनं बाकीच्या पेट्या वाजवल्या नाहीत.

कारण दोनदा आणि थांबून एकदा अशी या इमारतीत एकच व्यक्ती टकटक करते. बाई. बोटातल्या चांदीच्या अंगठीनं, कोणाच्याही दारावर. तिला ही सवय कधी लागली ठाऊक नाही. घरी न्हाणीघराच्या दारावरसुद्धा ती तशीच वाजवते, आणि नवरा आतून म्हणतो, ‘आलो बाई, आलो.’

बाईंनीच शिकवलं होतं सगळं. ती नवी होती तेव्हा याच खोलीत, याच मोरीपाशी उभं राहून : आपला वास नको, आपला आवाज नको, आपली चाहूल नको. झडप अशी उघडायची की उंदीर आभाळातून पडल्यासारखा वाटला पाहिजे. ‘याला तू माहीतच नसलीस ना, की समज तू पास झालीस.’ केवढं आवडलं होतं तिला ते वाक्य. तिनं ते गाठीशी बांधून घेतलं. पेट्यांवर काळी कापडं तिनं चढवली, खोलीत रबरी तळव्याच्या चपला तिनं आणल्या, कुठल्याही सापाला नाव दिलं नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू बोटाला वेटोळं घालतं तेव्हा जे वाटतं तेही वाटू दिलं नाही. नवरा चिडवायचा – सापांना लळा लागू नये म्हणून एवढं जपतेस, आम्हाला थोडा लागला तर चालेल ना? ती हसायची. चालेल म्हणायची आणि पुन्हा इथे यायची.

आणि गेल्या हंगामात सोडलेले साप लाकडी पुलावर मारले गेले.

पाणथळीवर फिरायला येणाऱ्यांसाठी बांधलेला तो पूल. माणसं काठ्या टेकत येतात, टाचा वाजवत येतात. पुलाचा रखवालदार चांगला माणूस, त्याला खरंच वाईट वाटलं होतं. म्हणाला, ‘मॅडम, साप माणसाला बघून पळतो हो. हे तुमचे उलट पुलावर चढून यायचे. लोक घाबरणार नाहीत तर काय?’ एकाला फावड्यानं, एकाला दगडानं... पुढचं तिनं ऐकलं नाही. बिनविषारी, गवतात बेडूक शोधणारा, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला साप. साऱ्या पाणथळीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत म्हणून तर हा खटाटोप.

त्यानंतरची ती बैठक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि बाईंचा शांत, थोडा दमलेला आवाज – ‘हिचा हात मऊ आहे. नकळत लळा लावते. चूक मुद्दाम केलेली नाही, आपण समजून घेऊ.’ सगळ्यांनी समजून घेतलं होतं. तिनंसुद्धा. तिला खरंच वाटलं की आपण कुठंतरी गुणगुणलो असू, कधीतरी काचेवर हात टेकवला असेल. कित्येक दिवस ती स्वतःच्या हातांकडे चोरासारखी बघत होती. खोलीत श्वाससुद्धा जपून घ्यायची. मनुष्य इतका मूर्ख असू शकतो?

बाई त्यांच्या खोलीत खण रिकामे करत होत्या. उद्याचा कार्यक्रम म्हणजे त्यांचा निरोपही होता. परवापासून हे काम तिच्या हाती यायचं होतं. ती दारातच उभी राहिली.

‘बाई, पेट्यांवर तुम्ही वाजवता?’

बाईंनी वर बघितलं नाही. जुन्या फायलींचा गठ्ठा बांधत राहिल्या, आणि तेवढ्यानंच उत्तर मिळालं.

‘बस ना,’ त्या म्हणाल्या.

‘नको.’

‘संध्याकाळी तुम्ही सगळे गेलात की बसायचे गं मी तिथं. घरी जाऊन तरी काय करायचं? एकदा सहज वाजवलं आणि उंदीर टाकला. नंतर वाजवलं तर तो आधीच बाहेर आलेला.’ त्या किंचित हसल्या. ‘इतकी वर्षं सापांसाठी राबले, पण आपली वाट बघणारा साप नव्हता बघितला कधी.’

‘आणि पूल?’

‘तेव्हाच कळलं मला. तुझ्याही आधी.’

‘मग बैठकीत माझं नाव का घेतलंत?’

‘कोणाचं तरी घ्यावं लागणारच होतं. माझं घेतलं असतं तर काम बंद पडलं असतं. तू तरुण आहेस, म्हटलं तू सावरशील.’ बाईंनी गाठ मारली, सुतळी दातांनी तोडली. ‘आणि सावरलीसच की.’

‘नंतरही वाजवत राहिलात...’

बाई उठून तिच्याजवळ आल्या, दंडावर हात ठेवला – इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ‘उद्या सोडूया. पुलापासून लांब सोडूया. माझा शेवटचा दिवस आहे. विचार कर, मी येते तिकडे.’

विश्वासघात करणाऱ्या माणसाला लोक साप म्हणतात. सापाला ओळखत नाहीत म्हणून म्हणतात.

ती पेट्यांच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. केसानं गळा कापला माझा, तोही मायेनं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि रागाच्याही खाली त्या दंडावरच्या हाताची ऊब... ती अजून होती, हे सर्वांत वाईट. उद्या सोडले तर हे साप कितीही लांबून त्या पुलाशी पोचतील. पाणथळ ती केवढी. कोणाची तरी काठी दोनदा वाजेल, थांबेल, पुन्हा वाजेल. नाही सोडले तर सांगावं लागेल का नाही सोडले, आणि मग त्या बाईची सगळी हयात एका अंगठीच्या आवाजात बुडेल. इथं ठेवून ठेवून एक अख्खा हंगाम गेला तर साप विसरतीलही. कदाचित विसरणार नाहीत. हे कोणालाच ठाऊक नाही, कारण इतका गाढवपणा आजवर कोणी केला नसेल.

एकच शब्द म्हणायचा होता. नाही. तिनं तो तोंडात घोळवून बघितला. बाईंना ती आजवर कशालाच नाही म्हणाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, आली. ताप होता, आली. बैठकीत गप्प बस म्हणाल्या नव्हत्या तरी गप्प बसली. आणि त्या बदल्यात काय मिळत होतं – कधीतरी, सगळ्यांसमोर नाही, ‘चांगलं केलंस’ एवढंच, वरून टाकलेलं. त्यावर ती महिनोन् महिने राहायची.

बाहेर बाईंच्या चपला वाजल्या. रबरी नव्हत्या.

दारावर अंगठी वाजली. दोनदा... थांबून एकदा.

काळ्या कापडांमागे सळसळ झाली, एकापाठोपाठ एक, सगळ्या फळीभर. तिनं तिकडे बघितलं, आणि मग खाली स्वतःच्या पायांकडे. स्टूल मागं सरकलं होतं. ती अर्धी उठली होती, चेहरा दाराकडे वळलेला, ओठांवर ‘आले, बाई’ तयार.

ती तशीच राहिली, ना उभी ना बसलेली. पलीकडे बाई थांबल्या होत्या. आतले साप थांबले होते. हे असं विसरायला मला किती वेळ लागेल, असं तिच्या मनात आलं, आणि ‘आले’ हा शब्द तिनं गिळला. तो खाली जाईना.