नम्रताची पिकअप

"अहो, ही गाडी इथून कधी हलणार?" हिराने शेडच्या दारातून विचारले.

दशरथ वानखेडे पाना पुसत होता. पाना केव्हाच पुसून झाला होता. "बघू," तो म्हणाला.

धायरीतल्या या गॅरेजच्या मागेच त्यांचे घर होते. शेडच्या मधोमध पिकअप उभी होती. पुढचा भाग ठोकळ्यांवर टेकवलेला, पुढची चाके काढलेली. त्यांच्या मुलीने, नम्रताने, ती जुनीच विकत घेतली होती. आठवडाभर हिंजवडीच्या कंपनीत संगणकापुढे बसणारी ही मुलगी सुट्टीच्या दिवशी बापाचा जुना शर्ट घालून गाडीखाली शिरायची. पानशेतच्या पलीकडच्या दगडधोंड्यांच्या वाटांवर तिला ही गाडी न्यायची होती. तिथे पुढची चाके ज्या आर्मवर लटकतात ते सारखे वाकतात, म्हणून ते काढून जुन्या जीपसारखा सलग एक्सल बसवायचा, हे तिनेच ठरवले. गाडीच्या कंपनीने केलेले कशाला उपटायचे, असे दशरथ आधी म्हणाला. मग तिच्यापेक्षा तोच जास्त रमला. दोघांनी मिळून जुने आर्म काढले, ते ज्यांना अडकवलेले असतात ते चासीवरचे कान ग्राइंडरने कापून टाकले, जुन्या बाजारातून जीपचा एक्सल आणला. तो आला आणि नम्रताला डेंगी झाला. ती दवाखान्यातून परत आली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अकोल्याचे सगळे नातेवाईक येऊन गेले. दशरथ तेव्हाही रडला नाही, येईल त्याला पाणी देत राहिला. हिरा खूप रडली आणि मग तीही थांबली. आता दोघे वेळेवर जेवत, वेळेवर निजत. टीव्ही लागलेला असे. काय चालले आहे हे दोघांनाही सांगता आले नसते.

गाडी कापून भंगारात घालायची, असे दशरथच्या मनात आले होते. पण पानशेतकडच्या वाड्यांमधून दूध गोळा करणारा गेनबा, त्याचे जुने गिऱ्हाईक, ते ऐकून गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "कापू नका, दशरथभाऊ. चाकं लावून द्या, मी नेतो. आमच्याकडच्या रस्त्याला अशीच गाडी पायजे हाय."

जुने आर्म परत लावायला चासीवर जागाच उरली नव्हती. गाडी चाकांवर उभी करायची तर नवा एक्सल बसवणे एवढा एकच मार्ग होता. दुसऱ्या दिवशी दशरथ कामाला लागला.

एक्सलला धरणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जोडण्याआधी एक्सल सरळ बसतो की नाही हे मागच्या चाकापासून मोजून बघावे लागते. टेपचे दुसरे टोक कुणीतरी धरावे लागते. तो टेप घेऊन नुसताच उभा राहिला. हिरा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवले, पदर खोचला आणि येऊन टोक धरले.

"इथं?"

"थोडं खाली."

दोन्ही बाजूंची मापे जुळली. दशरथने खडूने खुणा केल्या. वेल्डिंगची ठिणगी उडाली तशी हिराने मान फिरवली, पण ती तिथून गेली नाही. पुढे रोज दुपारी ती येऊन बसू लागली. पाटे बसले, स्टेअरिंगचा रॉड लागला, ब्रेकच्या नळ्या जोडून झाल्या. दोघांत बोलणे कामापुरतेच होई.

गाडी ठोकळ्यांवरून उतरली त्या दिवशी दशरथ म्हणाला की एक चक्कर मारून बघायला हवी. हिरा पलीकडच्या दाराने आत बसली.

खडकवासल्याच्या अलीकडे त्याने गाडी मुद्दाम कच्च्या रस्त्याला घातली. त्याच्या बाजूचे चाक खड्ड्यात गेले आणि हिराने दाराची मूठ पकडली.

"माझ्या बाजूला तर खड्डा नव्हता," ती म्हणाली.

"आता दोन्ही चाकं एकाच दांड्यावर आहेत. इकडे आदळलं की तिकडेही धक्का बसतो."

तिने दाराची मूठ सोडली. "तिला चाललं असतं असं?"

"तिला असंच हवं होतं."

आता आपल्याला रडू येईल असे दशरथला वाटले. त्याने गाडी हळू केली, वाट पाहिली. काही आले नाही. स्टेअरिंग किंचित डावीकडे ओढत होते, तेवढे त्याच्या लक्षात आले. धरणाच्या भिंतीपाशी त्याने गाडी वळवली आणि घरी येऊन ते नीट केले.

गेनबा सकाळी आला. नम्रताचा एक फोटो त्याने गाडीत लावायला मागितला. हिरा आत गेली, रिकाम्या हाताने परत आली आणि नको म्हणाली. गेनबाने मान हलवली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत दोघे दारात उभे होते.

थोड्या वेळाने शेजारच्या सोसायटीतले यज्ञेश्वर दीक्षित आपली मारुती घेऊन आले. दशरथने ती रस्त्याच्या कडेलाच उभी करायला सांगितली. दीक्षितांनी शेडमध्ये, पिकअप उभी असायची त्या मोकळ्या जागेकडे, डोकावून पाहिले.

"आत एवढी जागा आहे. ती काय नुसती बघायला ठेवलीय का?"

"असू द्या बाहेरच," दशरथ म्हणाला. त्याने उन्हात पोते अंथरले आणि तो गाडीखाली सरकला.