आईसाठी भट्टी

थोरले भाऊजी निवृत्त झाले, त्यांच्या कचेरीची सुटका झाली आणि अडकलो आम्ही. जन्मभर पूल बांधलेला माणूस, हात शिवशिवणारच. जाऊबाई शहाण्या. त्यांनी रंग ओळखून बहिणीकडे मुक्काम ठोकला. मला बहीण नाही.

निमित्त सासूबाईंनीच दिलं. एकदा जेवताना त्या सहज बोलून गेल्या, की लहानपणी त्यांच्या घरामागे पाववाल्याची लाकडाची भट्टी होती आणि सकाळी वासानेच जाग यायची. बस, एवढंच. बोलल्या आणि पुढचा घास घेऊन मोकळ्या झाल्या. पण भाऊजींचे डोळे पाणावले. मग आमच्या ह्यांचेही पाणावले. ह्यांचं सगळंच भाऊजींच्या पाठोपाठ असतं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ दोरी, टेप आणि खडू घेऊन परसात हजर. आईसाठी भट्टी बांधायची ठरली होती.

आमचं परस म्हणजे चार भिंतींमधला हातरुमाल. शेजारी उंच इमारत उभी राहिल्यापासून ऊन एकाच कोपऱ्यात येतं, तेही सकाळचं थोडा वेळ. त्या कोपऱ्यात सासूबाईंची वेताची खुर्ची. गुडघे धरलेले, बाहेर जाणं सुटलेलं. दिवसाकाठी स्वतःचं म्हणावं असं त्यांना तेवढंच उरलेलं. तिथे त्या केस वाळवायच्या, मटार सोलायच्या आणि भिंतीवरच्या मांजराला शिव्या घालायच्या.

खडूचं वर्तुळ नेमकं त्याच कोपऱ्यात उमटलं. तिथली जमीन म्हणे छान कोरडी आहे. का कोरडी आहे, हा प्रश्न पूल बांधणाऱ्याला पडला नाही.

“तिथे आई बसतात,” मी म्हटलं.

“आई काय, कुठेही बसेल,” भाऊजी म्हणाले.

“त्यांना विचारलंत का?”

“छे! सरप्राइज आहे.”

सरप्राइज! विटा आल्या, वाळू आली, गवंडी आला, घुमट उभा राहिला, घरभर सिमेंटची पावलं उमटली. आणि सासूबाई दारात आल्या रे आल्या की भाऊजी ओरडायचे, “बघायचं नाही हं, आई!” ह्यांनी त्यांची खुर्ची उचलून आत वॉशिंग मशीनशेजारी ठेवली. सासूबाई “बरं” म्हणाल्या. तिथे त्या भरदिवसा शाल गुंडाळून बसू लागल्या. मटार तसेच पडून राहायचे. मांजराचं तर नावही निघेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, तिच्यासाठीच तर चाललंय ना सगळं!”

पहिला पाव भाजायच्या रविवारी सगळे नातेवाईक बोलावले. भाऊजी नव्या एप्रनमध्ये. एप्रनवर इस्त्रीची घडी. पहाटेच लाकडं पेटवली होती. धुराने आधी शेजाऱ्यांना उठवलं, मग पाहुण्यांना रडवलं. घुमटाची काजळी जळून विटा पांढऱ्या दिसायला लागल्या, तेव्हा भाऊजींनी निखारे घमेल्यात ओढून बाजूला ठेवले, ओल्या फडक्याने तळ पुसला आणि चिमूटभर पीठ आत टाकून पाहिलं. ते हळूहळू बदामी झालं. भट्टी तयार होती. आतून ह्यांनी फुगलेल्या कणकेच्या टोपल्या आणल्या. आता पाव आत सारायचा, एवढंच काम राहिलं होतं. पण भाऊजींना आधी भाषण करायचं होतं.

“आयुष्यभर तिने आपल्याला दिलं,” ते म्हणाले. “ही भट्टी फक्त आईची!”

टाळ्या चालू असतानाच मागून खरखर ऐकू आली. सासूबाई खुर्ची ओढत येत होत्या. एका हातात काठी, खांद्याला मटारची पिशवी. ऊन आता भट्टीच्या घुमटावर आणि तिच्या तोंडापुढच्या दोन फरश्यांवर पडत होतं. त्या फरश्यांवर त्यांनी खुर्ची टेकवली, भट्टीकडे पाठ केली आणि बसल्या. केस मोकळे सोडले. मटार सोलायला घेतले.

“आई, जरा सरकतेस का?” भाऊजींनी हसत विचारलं.

“कुठे सरकू?”

भाऊजींनी परसभर नजर फिरवली. सगळीकडे सावली.

“आत बस ना.”

“आत बसलेच होते की महिनाभर.”

ह्यांच्या आत्या हातात रिकामी बशी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, वहिनीचीच भट्टी ना? मग बसू दे तिला!”

झालं. एवढ्या लोकांसमोर म्हातारीला खुर्चीसकट उचलणार कोण? तिकडे भट्टी निवत चालली, इकडे कणीक टोपलीबाहेर डोकावून खाली बसायला लागली. हे माझ्या कानाशी आले. “तू सांग ना आईला.”

“मी? सरप्राइज तुमचं,” म्हटलं.

शेवटी मीच टोपल्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या आणि विजेच्या ओव्हनमध्ये सगळे पाव भाजून काढले. थोडे चपटे झाले, पण झाले. पाहुण्यांनी लोणी फासून फस्त केले. “लाकडाच्या भट्टीची चवच न्यारी,” आत्या म्हणाल्या. भाऊजींनी मान डोलावली. “लाकूड पारखून घ्यावं लागतं,” म्हणाले. त्यांची कमाल वाटली मला.

मला वाटलं, विषय संपला. पण रात्रीच्या जेवणाला भाऊजी नव्या नकाशाचा कागद घेऊनच आले. त्यांना म्हणे आपली चूक कळली होती. बिचाऱ्या आईला उन्हात बसावं लागलं! आता भट्टीसमोर पत्र्याचं छप्पर टाकायचं. अर्थात आईसाठी. हे “वा!” म्हणाले. मी पाण्याचा पेला खाली ठेवला, नाहीतर तो कुणाच्या तरी अंगावर गेला असता. सासूबाई “बरं” म्हणाल्या आणि उठून फोनपाशी गेल्या.

सकाळी घणाच्या आवाजाने सगळ्यांना जाग आली. भाऊजी छपराचा कागद घेऊन परसात धावले. भट्टी बांधणारा गवंडीच घुमट फोडत होता. अर्धी भट्टी खाली आली होती आणि तेवढ्या जागेवर ऊन पडलं होतं. शेजारी सासूबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि भिंतीवरच्या मांजराला शिव्या घालत होत्या.

“अगं आई, हे काय!” भाऊजींचा आवाज चिरकला. “आम्हाला विचारायचं तरी!”

“सरप्राइज आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आत जा. बघायचं नाही हं.”