उशी दिसता कामा नये

“मान इकडे करा, कप्तान. खिडकीकडे नाही हो, माझ्याकडे.”

कप्तानांनी मान खिडकीकडेच ठेवली. ते कधीच कुठल्या जहाजावर नव्हते. सगळी हयात विम्याच्या कचेरीत गेली होती. पण वृद्धाश्रमात आल्या दिवसापासून ते दिसेल त्याला हुकूम सोडत, म्हणून कप्तान. मग अर्धांगाचा झटका आला. हुकूम गेले, नाव राहिलं.

धाकटीने त्यांच्या डाव्या काखेत एक लहान उशी सारली आणि वरून शाल अशी ओढली की उशीचं टोकसुद्धा दिसू नये. शाल लाल होती. लाल रंगाची झाक गालांवर पडते आणि माणूस चार घास खाल्लेला वाटतो, हा तिचा स्वतःचा शोध. मग तिने पडदा सरकवून उजेड समोरून घेतला आणि फोन स्टँडवर कपाळापेक्षा जरा वर लावला. वरून पाहिलं की ओठाचा लोंबलेला कोपरा फारसा जाणवत नाही. खालून पाहिलं तर काहीच लपत नाही; पण खालून पाहायची वेळ फक्त तिच्यावर येत असे, मोजे चढवताना.

घरी तिला सगळे धाकटी म्हणत. इथे तिचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने ‘धाकटी’ शिकवून पाहिलं. तेही बसलं नाही. शेवटी पाळीवरून तिचं नाव ‘दुपारची’ पडलं. परदेशात गेल्यावर माणसाला स्वतःचा नव्याने शोध लागतो, असं तिने येण्याआधी कुठेतरी वाचलं होतं. आतापर्यंत तिला लागलेल्या शोधांत लाल शालीचा नंबर बराच वर होता. त्याखालोखाल, एकट्यापुरतं काहीच नीट शिजत नाही, हा.

रविवारी नातेवाइकांचे फोन येत. त्याबाबत मेट्रनबाईंचं धोरण स्वच्छ होतं: कुटुंबीयांना नाहक चिंता द्यायची नाही. ‘नाहक’मध्ये बरंच काही बसे. पाठीच्या जखमा बसत, न्हाणीघरात पडणं बसे, आणि एकदा तर एका आजोबांचं जाणंसुद्धा सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत त्यातच बसवलं होतं.

फोनच्या पडद्यावर कप्तानांचा मुलगा आला. चेहरा भला, मागे पुस्तकांचं कपाट.

“कसे आहात, पप्पा? जेवण झालं?”

कप्तानांनी मान हलवली. मान हलवून उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारायचे, हे मुलांना हळूहळू समजलेलं असे. ‘जेवलात का’ चालतं. ‘काय जेवलात’ चालत नाही. मुलं तशी समजूतदार होती. दुसरा प्रश्न विचारायच्या फंदात पडत नसत.

“खूश आहेत ना?” मुलाने तिला विचारलं.

“एकदम! मघाशी तर नजरेनेच झापलं मला.”

मुलगा हसला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तिला दिसलं. एवढ्यात कप्तानांच्या हनुवटीवरून लाळ ओघळू लागली. “अरेरे, आवाज तुटतोय बहुतेक,” म्हणत धाकटीने फोन बंद केला. नेटवर्कचं हे एक बरं असतं. जीव नसल्यामुळे ते कुणाचंही पाप पदरात घेतं.

हे सारे प्रकार तिने मागे वहिनीला फोनवर रंगवून सांगितले होते. शाल, उशी, उजेड, फोनची उंची, सगळं.

“अगं, तू नर्स आहेस का फोटोवाली?” वहिनी हसून हसून बेजार झाली होती.

“मग! मेलेल्या माणसालाही घटकाभर बसता करून दाखवीन.”

“मग आमच्या सासूबाईंचाही एकदा काढ. लग्नापासून हसऱ्या दिसलेल्या नाहीत.”

“ऐकू आलं हं मला,” मागून आई म्हणाली होती आणि तिघी पुन्हा हसल्या होत्या. असं हसणं त्या घरात वरचेवर होत नसे.

वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्याला कशी चालवायची ते न विचारता सांगितलं होतं. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी त्यांचा उजवा पाय मनातल्या मनात ब्रेक दाबत असे. फोनवरही तेच. छत्री ने, गॅस बंद कर, त्या मेट्रनशी तोंड वर करून बोलू नकोस, रस्ता ओलांडताना सिग्नलकडे नाही, गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघ. धाकटी फोन टेबलावर ठेवून भांडी घासायची आणि मधूनमधून हो म्हणायची.

अलीकडे मात्र ते नुसती मान हलवत. बाबा निवळले, असं तिला वाटलं. वय झालं की माणसं निवळतात. “दाढा काढल्यात गं,” वहिनी म्हणाली होती, “बोलायला त्रास होतो.” आईही अलीकडे फोनवर सापडत नव्हती. कधी शेजारी गेलेली असे, कधी अंघोळीला. आई हल्ली संध्याकाळी एवढी अंघोळ का करते, असा प्रश्न धाकटीला पडला नाही. परदेशात राहणाऱ्याला घरचे प्रश्न जरा उशिराच पडतात.

जेवणाच्या सुट्टीत ती तळघरातल्या धुण्याच्या खोलीत गेली. चादरींच्या गठ्ठ्यावर बसून तिने डबा उघडला आणि घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ व्हायला आली होती.

“हे बघा, कोण आलंय! बघा बघा!” वहिनी म्हणाली.

धाकटीचा घास हातातच राहिला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. तो तिचा स्वतःचा होता, कप्तानांसाठी काढलेला.

पडद्यावर बाबा खुर्चीत बसले होते. दिसत होते वरून. उजेड समोरून. आणि ऐन उकाड्यात अंगावर शाल. लाल.

“बाबा, जेवलात?”

बाबांनी मान हलवली.

“काय जेवलात?”

बाबांनी पुन्हा मान हलवली.

“अगं, आवाज तुटतोय,” वहिनी म्हणाली.

“नाही तुटत. तुमचा पंखा करकरतोय तोसुद्धा ऐकू येतोय मला.”

बाबा किंचित कलले. शाल घसरली आणि डाव्या काखेतून उशीचं टोक बाहेर आलं. घरचीच उशी, निळ्या फुलांच्या अभ्र्याची. बसलेल्या धडधाकट माणसाच्या काखेत उशी नसते. ती कुणीतरी ठेवावी लागते. आणि ठेवणाऱ्याला कुणीतरी शिकवावं लागतं.

“वहिनी, फोन खाली घे.”

“अगं, काय झालं...”

“खाली घे. हनुवटीच्या खालून दाखव मला बाबा.”

फोन हळूहळू खाली आला. ओठाचा डावा कोपरा, त्याखाली गळ्याशी खोचलेला रुमाल, त्याखाली मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला हात. धाकटीला हे सगळं पाठ होतं. फक्त माणूस नवा होता.

“आई कुठाय?”

“शेजारी गेल्यात गं. येतीलच.”

“मग बाबांच्या बगलेतून ज्या बांगड्या दिसतायत त्या कुणाच्या?”

खुर्चीच्या मागून आवाज आला, “माझ्या आहेत. थांब, उठते.” आईला उठायला बराच वेळ लागला. आधी खुर्चीच्या पाठीवर एक हात आला, मग विस्कटलेला अंबाडा, मग घामाने भिजलेला चेहरा. बाबा पुढे पडू नयेत म्हणून फोन चालू असेतो ती मागे उकिडवी बसून त्यांना धरत होती. दर रविवारी.

दादा आतल्या खोलीतून आला. “सांगितलंत तिला?”

“सांगायला कशाला पाहिजे?” आई म्हणाली. “तिचाच धंदा आहे.”

“केव्हा झालं हे?” धाकटीने विचारलं.

“झाले दोन महिने,” दादा म्हणाला. “सकाळी गाडी पुसताना पडले. आता बरंच बरं आहे.”

“आणि मला सांगावंसं नाही वाटलं?”

“बाबांनीच नको म्हणून सांगितलं.”

“दादा, त्यांना बोलता येत नाहीये.”

“आधीच सांगून ठेवलेलं गं. तू गेलीस त्याच दिवशी. मला काही झालं तर धाकटीला कळवायचं नाही. तिच्या हातात परवाना पडेपर्यंत नाही.”

तिचा तिथे कायम राहण्याचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता. निकालाआधी देश सोडला तर अर्ज रद्द, आणि अर्ज गेला की नोकरीही गेली. बाबांनी हा नियम एकदाच ऐकला होता आणि रहदारीच्या नियमांच्या शेजारी डोक्यात कायमचा लावून ठेवला होता. नियम तोडणाऱ्याला ते गाढव म्हणत.

“मी येते,” धाकटी म्हणाली.

दादाने आईकडे पाहिलं, आईने पंख्याकडे. पंखा करकरत राहिला.

“येऊन काय करणार आहेस?” शेवटी आई म्हणाली. “परत जाता यायचं नाही. मग इथे आमची तोंडं बघत बसशील, आणि आम्ही तुझं.”

“त्यांचं करतं कोण?”

“मी आणि आई,” दादा म्हणाला. “जमतं आता सगळं.”

“दाखव.”

“काय दाखव?”

“खुर्चीतून पलंगावर कसे नेतोस ते दाखव.”

दादाने बाह्या सरसावल्या. परीक्षेला बसल्यासारखा त्याने एकदा फोनकडे पाहिलं, मग बाबांचा डावा हात मनगटाजवळ धरला आणि खस्सकन ओढला. बाबांच्या घशातून आवाज निघाला. तो शब्द नव्हता. कप्तानही अधूनमधून तसा आवाज काढत, आणि तेव्हा धाकटी जे हातात असेल ते टाकून धावत असे. आत्ताही ती उठून उभी राहिली. डबा चादरींवर सांडला.

“सोड! सोड तो हात! दोन महिने त्याच हाताला धरून ओढतोयस?”

“मग कशाला धरून ओढणार? तो लोंबतच असतो, सोयीचा पडतो.”

“शाल काढ.”

आईने शाल काढली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला होता. सांध्यापाशी खळगा पडला होता आणि दंडावर हिरवट-जांभळी सूज होती. शाल त्यावर अगदी बरोबर बसत होती.

“डॉक्टरांना दाखवला?”

“आजारात असं होतं, वाटलं आम्हाला,” आई म्हणाली.

“तूच म्हणाली होतीस ना गं,” वहिनीचा आवाज रडवेला झाला, “उशी अशी ठेवायची, शाल अशी घ्यायची. तू सांगितलंस तसंच केलं सगळं. काही चुकवलं नाही.”

“उचलायचं कसं ते नव्हतं सांगितलं मी.”

“ते विचारलं असतं तर तुला कळलं नसतं का?”

माणूस दाखवायचा कसा, एवढंच तिने हसत हसत शिकवलं होतं, आणि घरच्यांनी ते मन लावून शिकून घेतलं होतं. तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीही इतकं सफाईदार करत नसत.

“खांदा उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवायचा,” ती म्हणाली. “सकाळी म्हणजे सकाळी. आता ऐका. वहिनी, तुझी ओढणी बाबांच्या कमरेला घट्ट बांध. दादा, त्यांच्या समोर उभा राहा. हाताला हात लावायचा नाही. तुझा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकव, म्हणजे तो दुमडणार नाही.”

“मग धरू कशाला?”

“ओढणीला. दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे नेऊन. आई, तू लुळा हात त्यांच्या पोटाशी धरून ठेव. लोंबू द्यायचा नाही.”

“फोन कुणी धरायचा?” वहिनीने विचारलं.

“ठेव कुठेही. तू पलंगाकडे जा.”

फोन टेबलावर उताणा पडला. धाकटीला आता फक्त छत दिसत होतं, ओल धरलेला एक कोपरा आणि करकरणाऱ्या पंख्याचं एक पातं. तिने डोळे मिटून घेतले. तसं तिला जास्त दिसत होतं.

“बाबा, ऐकताय ना? पुढे वाका. अजून. नाक दादाच्या खांद्यावर येऊ द्या. दादा, कंबर वाकवू नकोस, गुडघे वाकव. घाई करू नकोस. ते निघाले की तू निघ, तू ओढू नकोस.”

धाप लागल्याचा आवाज आला. खुर्ची जमिनीवर घासली.

“अहो, उभे राहिलात की!” आई म्हणाली. हे वाक्य ती इतक्या सहज म्हणाली की जणू बाबा बसस्टॉपवरच उभे होते.

“आता टाचेवर फिरा. छोटी पावलं. मागे पलंग लागला की मगच बसवा.”

पलंग करकरला. मग सगळे एकदम बोलू लागले.

“उशी दे ती. ती नाही, मोठी.”

“सदरा ओला झालाय सगळा.”

“अहो, हात सोडा माझा, कुठे जात नाहीये मी.”

तिच्या येण्याचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. फोन टेबलावर आहे हे तिकडे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. कुणी आवाज बदलत नव्हतं, कुणी उजेडात सरकत नव्हतं. ती गेल्यापासून त्या घराने पहिल्यांदाच तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. ती सांडलेला डबा भरत ऐकत राहिली.

वरच्या मजल्यावर कुणाची तरी घंटा वाजली. थांबली. पुन्हा वाजली. धाकटीने डागाळलेली चादर मशीनमध्ये टाकली, हात धुतले आणि फोन बंद न करताच एप्रनच्या खिशात सोडला. जिना चढताना खिशातून आई कुणाकडे तरी कोरडा टॉवेल मागत होती.