ऋषीला मुंबई दाखवली तो रविवार

निकेश जासईच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. रविवारची सुट्टी त्याला महिन्यातून कशीबशी एकदा मिळायची. त्यामुळे सागरी पूल होऊन मुंबई अर्ध्या तासावर आली, तरी दोन वर्षांच्या ऋषीला, त्याच्या पोराला, ती दाखवायची राहूनच गेली होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याने गाडी काढली. बायको अक्षता, आई येसूबाई, बाप दादू, सगळ्यांना घेतलं. गेटवे, म्युझियम, राणीच्या बागेतले पेंग्विन, संध्याकाळी चौपाटी. बेत त्याने वेळेसकट मोबाइलमध्ये लिहून ठेवला होता.

गेटवेजवळ एक माणूस रबरी पाइपाने फुटपाथ धूत होता. ऋषीने दादूचं बोट सोडलं आणि त्या ओघळात थपाथप पाय आपटायला लागला. समुद्राकडे बघेना, बोटींकडे बघेना. निकेशने उचललं की अंग ताठ करून किंचाळायचा.

"रमलाय तर रमू दे," दादू म्हणाला. "म्युझियम त्याला काय कलनार हाय?"

"पानी बघायला आलोय काय आपन इथं?"

"पोराचा दिस हाय ना? मंग पोराच्या मनानं जाऊ दे."

निकेशचं डोकं सटकलं. "तू नको शिकवू, बाबा. तू आमाला जन्मात कुठं नेलंस? शाळेच्या सहलीत पहिल्यांदा मुंबई बघितली मी!"

फोटो काढणारी दोन-चार माणसं वळून बघायला लागली. दादूने ऋषीला कडेवर घेतलं, त्याचे ओले पाय आपल्या सदऱ्याला पुसले आणि गाडीकडे चालू लागला.

म्युझियममध्ये ऋषी आधी रडला, मग दादूच्या खांद्यावर झोपून गेला. राणीच्या बागेबाहेरची रांग बघूनच ते परत फिरले. चौपाटीचं तर कुणी नावही काढलं नाही.

"त्यांना सॉरी बोला ना," अक्षता हळूच म्हणाली.

"घरी गेल्यावर बघू."

घरी येसूबाई चहा टाकत होती. निकेशकडे पाठ करूनच ती बोलली, "तू दीड वर्साचा व्हतास. मोऱ्याच्या बंदरातून लाँचनं गेटवेला गेलो, मी, तू नि तुजा बाप. दिसभर खांद्यावरून उतरवला नाय तुला त्यानं. कबुतरांना भ्यालास नि रडून रडून ताप काढलास. मंग मीच बोलले, परत नको नेऊ."

"मग बाबा तिथं का नाय बोलला?"

"तुला आठवत नाय, त्याला तो काय करनार?"

निकेश ओटीवर गेला. दादू झोपाळ्यावर बसला होता.

"बाबा, मगाशी मी..."

"जाऊ दे रे. पोराला काय भरव आधी, उपाशी हाय सकालपासून."

निकेश आत गेला आणि ऋषीसाठी भात कालवायला लागला.

दोन महिन्यांनी पेंग्विन बघायचं पुन्हा ठरलं. "तुमी जा, माजे गुडघे दुखतात," दादू म्हणाला. त्यानंतरही निकेशने दोनदा विचारलं. दादू दर वेळी हसून नाही म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग असता, तर निकेशला भांडता आलं असतं, पाया पडता आलं असतं. पण तो हसायचा, आणि निकेश गाडीची चावी घेऊन निघायचा.